पस्तीस मिनिटांची थकबाकी

पिंपरीस सूर्य दररोज सुमारे ३५ मिनिटे उशिरा रुजू होतो, आणि तरीही त्याच्या नावावर अर्ध्या दिवसाची रजा आजपावेतो कोणी मांडलेली नाही. हे विधान विनोदासाठी केलेले नसून भूगोलाच्या साध्या त्रैराशिकावर आधारलेले आहे. साऱ्या देशाचे घड्याळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावण्यात आले आहे ते मिर्झापुराजवळून जाते. आमचे संत तुकारामनगर त्या रेषेच्या पश्चिमेस पावणेनऊ अंशांच्या आसपास पडते. आणि पृथ्वीस एक अंश वळावयास चार मिनिटे लागत असल्यामुळे, मिर्झापूरकरांच्या माथ्यावर आलेला सूर्य आमच्या माथ्यावर येईपर्यंत अर्धा तास उलटून वर पाच मिनिटे होऊन गेलेली असतात. तेव्हा सकाळी सातच्या पाळीसाठी जो इसम कंपनीच्या फाटकाशी हजेरी लावतो, तो आकाशातील मूळ दप्तर तपासले असता सहा वाजून पंचवीस मिनिटांनीच तेथे येऊन उभा राहिलेला असतो. ह्या जादा मिनिटांचा ओव्हरटाइम मागण्याचे एकाही युनियनला अद्याप कसे सुचले नाही, ह्याचे मला राहून राहून नवल वाटते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र हा अन्याय तत्काळ ध्यानात आला होता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सर्व मुलखास एकच प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे सारावी लागणार होती. त्याच महिन्यात हजारो कामगारांनी कामावर जाण्याचे नाकारून ह्या फर्मानाचा निषेध केला. मुंबई पालिकेची घड्याळे तर पुढे कित्येक वर्षे, अगदी स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही काही काळ, जुन्या स्थानिक वेळेनेच चालत राहिली. म्हणजे आगगाडी सरकारी वेळेने सुटे आणि मनोऱ्यावरचे घड्याळ मुंबईच्या वेळेने टोले देई. ज्या गृहस्थाची गाडी चुकली त्यास, आपण अराष्ट्रीय नसून केवळ स्थानिक आहोत, असे अभिमानाने सांगून घरी परतता येत असले पाहिजे. अशी सोय हल्ली कोठेही उरलेली नाही.

पिंपरीची कथा निराळी, कारण येथे घड्याळ आधी आले आणि शहर मागाहून वसले. मोरया गोसावींचे चिंचवड जुने, पिंपरीचा गावही जुनाच. परंतु १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांच्या भोंग्यांच्या आवाजाने कोठकोठच्या जिल्ह्यांतील माणसे गोळा होऊन १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुण्याच्या माणसास पुणे कोणी दिले हे सांगता येत नाही. आम्हास आमचे शहर भोंग्याने दिले हे आम्हास पक्के ठाऊक आहे. त्यामुळे इतर गावांत लोक वाराने, तिथीने किंवा निदान जेवणाच्या वेळेने दिवस मोजतात, तर आमच्या वसाहतीत ते पाळीने मोजले जातात. 'साहेब आहेत का घरात?' असे दारात उभे राहून विचारले असता 'सेकंडला गेलेत' असे उत्तर आतून येते, आणि विचारणाऱ्यास तेवढ्यावरून साहेब कधी निघाले, कधी येतील, कधी जेवतील आणि कधीपर्यंत त्यांची झोप मोडू नये, ह्या सर्वांचा अचूक बोध होतो. 'नाईट' असलेल्या माणसाच्या दारावरून तर शेजारची पोरेसुद्धा चपला हातात घेऊन जातात. अर्थात आईचे लक्ष असेल तेव्हा.

अशा वसाहतीत वेळेचे नियोजन शिकविणारा मनुष्य निपजला नसता तरच आश्चर्य. आमच्या इमारतीतील नाना हे एका मोठ्या कारखान्याच्या टाइम-स्टडी खात्यातून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ होत. हयातभर त्यांनी हातात स्टॉपवॉच आणि काखेत क्लिपबोर्ड घेऊन दुसऱ्याच्या कामाची सेकंदे मोजली. ते लाइनवर येऊन उभे राहिले की मशीनवरचा कारागीर हातातील पाना असा हळुवार ठेवू लागे, की पाहणाऱ्यास तो पाना नसून नुकतेच निजलेले तान्हे मूल आहे असे वाटावे. कारण नानांच्या कागदावर आज जो वेळ मांडला जाईल तोच उद्यापासून त्याच्या कामाचा शिरस्ता ठरणार, हे त्यास पुरते कळत असे. उलटपक्षी, हा मनुष्य मुद्दाम सावकाश काम करीत आहे हे नानांसही कळे, आणि ते मुकाट्याने त्याच्या वेगास शंभरापैकी सत्तर गुण देऊन हिशेब चुकता करीत. ह्याप्रमाणे दोन सुजाण माणसे एकमेकांस फसवीत असता जो आकडा निष्पन्न होई, त्यास शास्त्र असे म्हणत.

ह्या शास्त्राचे आद्य आचार्य अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर हे होत. त्यांचा 'वैज्ञानिक व्यवस्थापना'वरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला, आणि नानांच्या देव्हाऱ्यात त्याची एक प्रत नसली तरी असावयास हरकत नव्हती. बेथलहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या एका मजुराकडून, घड्याळ लावून, पावले आखून आणि विश्रांती मुक्रर करून, दिवसाला साडेबारा टनांच्या ठिकाणी साडेसत्तेचाळीस टन माल आपण कसा वाहून घेतला, हे टेलरसाहेबांनी मोठ्या समाधानाने लिहून ठेवले आहे. त्याबद्दल त्या मजुराची रोजी एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेली. काम जवळजवळ चौपट आणि दाम दीडपटीहून थोडा अधिक, हे त्रैराशिक नानांस मी एकदा मांडून दाखविले, तेव्हा 'तुम्ही लेखक लोक मूळ मुद्दा सोडून भलतीकडेच जाता,' असे म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

मला स्वतःला टेलरसाहेबांपेक्षा गिल्ब्रेथ दांपत्य अधिक जवळचे वाटते. फ्रँक गिल्ब्रेथ हा मूळचा गवंडी. एक वीट बसविण्यास लागणाऱ्या अठरा हालचाली त्याने पाचाच्या आत आणल्या. पुढे त्यास बारा अपत्ये झाली, आणि हा प्रयोग त्याने घरातही चालू ठेवला. त्याच्या मुलांनीच १९४८ साली लिहिलेल्या पुस्तकात अशी हकीकत आहे की, वेळ वाचावा म्हणून वडील दोन हातांत दोन वस्तरे धरून दाढी करीत. त्याने ४४ सेकंदे वाचली खरी, परंतु कापलेल्या गळ्यास पट्टी बांधण्यात दोन मिनिटे गेली, आणि वडिलांस दुःख झाले ते गळ्याचे नव्हे तर त्या दोन मिनिटांचे. कालनियोजनाच्या विषयावरील जेवढे वाङ्मय माझ्या नजरेखालून गेले त्यात इतका प्रामाणिक परिच्छेद दुसरा नाही.

नानांनीही सेवानिवृत्तीनंतर स्वयंपाकघराकडे मोर्चा वळविला. पोळीचा सायकल टाइम काढावयाचा असे ठरवून ते एका सकाळी ओट्याशेजारी स्टुलावर बसले. गोळा तोडणे, लाटणे, तव्यावर टाकणे, उलटणे, फुगविणे, तूप लावणे अशी कामाची फोड त्यांनी कागदावर केली, आणि बऱ्याच निरीक्षणानंतर असा निष्कर्ष काढला की, तवा हा ह्या लाइनवरचा अडथळा असून दुसऱ्या शेगडीवर दुसरा तवा चढविल्यास उत्पादन दुप्पट होईल. वहिनींनी लाटणे न थांबविता उत्तर दिले, 'दुसरा तवा ठेवते की. पण मग लाटायला रिलीव्हर पाठवा. आणि अहो, ते स्टूल जरा मागं घ्या. डब्याकडे जायला मला तुम्हाला वळसा घालावा लागतोय, तो कागदावर मांडलात का?' चाळीस वर्षे कारखान्याच्या भाकरीवर संसार केलेल्या बाईस लाइन, रिलीव्हर आणि अडथळा हे शब्द तोंडपाठ असतात, ही गोष्ट नानांच्या शास्त्रात विचारात घेतलेली नव्हती. स्टूल त्याच दिवशी गॅलरीत गेले.

पुढच्या पिढीचे शास्त्र अधिक नाजूक आहे. नानांचे चिरंजीव हिंजवडीस संगणकावर काम करतात आणि घरी त्यांची पोमोदोरो पद्धती चालते. फ्रान्चेस्को चिरिलो नामक एका इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ पुढ्यात ठेवून २५ मिनिटे एकाग्र अभ्यास आणि मग थोडी विश्रांती असा क्रम बसविला. ही घटना १९८० च्या दशकाच्या अखेरीची. आता ६० पळांची एक घटका आणि घटका म्हणजे २४ मिनिटे, हे आमच्या आजोबांस ठाऊक होते. तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडून ते बुडेपर्यंत भटजी एकाग्र राहत आणि बुडाल्यावर सुपारी खात. इटालियन गृहस्थाने त्यात एका मिनिटाची भर घातली, ती बहुधा टोमॅटो धुण्यासाठी. आमच्याकडे टोमॅटोने कालमापन करण्याची रीत मात्र व्यवहारात निराळ्या प्रकारे रूढ आहे: नारायणगावच्या बाजारातून निघालेला टोमॅटो चाकणचा तळेगाव चौक, मोशी आणि भोसरी ओलांडून पिंपरीच्या मंडईत कोणत्या अवस्थेत पोहोचला, ह्यावरून नाशिक रस्त्यावर त्या दिवशी किती वेळ गेला हे कोणतीही गृहिणी बोटाने दाबून सांगू शकते.

एवढे शास्त्र घरोघर नांदत असता आमच्या नगरातील कोणताही समारंभ वेळेवर का सुरू होत नाही, असा प्रश्न परगावचा पाहुणा हमखास विचारतो. माझे उत्तर असे आहे की, तो वेळेवरच सुरू होतो. पाहुण्यास आमच्या हिशेबाची पद्धत माहीत नसते. सकाळी कंपनीने आमच्याकडून जी ३५ मिनिटे बिनतक्रार घेतली, ती आम्ही संध्याकाळी समाजाकडून वसूल करतो. हा आळस नव्हे. ही थकबाकी आहे. पाहुण्यास ती व्यसनासारखी दिसते, कारण त्याने फक्त वसुली पाहिलेली असते, कर्ज पाहिलेले नसते.

ह्या वसुलीस कायद्याचाही आधार आहे. आमच्या सहकारी गृहरचना संस्थेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस वाचून पाहावी. सभा सायंकाळी सात वाजता गच्चीवर भरेल असे प्रथम ठणकावून लिहिलेले असते, आणि खाली, तितक्याच ठळकपणे, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही, अशी टीप असते. सात वाजता गच्चीवर चिटणीस आणि एक मांजर एवढेच हजर असतात. चिटणीस मांजरास उद्देशून सभा तहकूब करतात. साडेसात वाजता सभासद जिना चढू लागतात, आणि पाच मिनिटे जिन्यात टाकीच्या गळतीवर प्राथमिक चर्चा होऊन बरोबर सात पस्तीसला कामकाजास आरंभ होतो. मिर्झापूर आणि पिंपरी ह्यांमधील अंतर सहकार खात्याने इतक्या बारकाईने ध्यानात घेतले असेल असे मला पूर्वी वाटले नव्हते.

लग्नांचा मामला ह्याहून गुंतागुंतीचा आहे. पत्रिकेवर मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटे असा छापलेला असतो. ६ वाजून ३४ मिनिटे झाली असता जो अनर्थ ओढवला असता त्याच्या कल्पनेने अंगावर काटा यावा, इतकी ती अचूकता. प्रत्यक्षात ६ वाजून ३५ मिनिटांनी नवरदेव कार्यालयाच्या बाहेर घोड्यावर असतो, त्याचे मामा घोड्यापुढे नाचत असतात, आणि घोडा, जो त्या दिवशी आणखी एका लग्नास बांधलेला आहे, तेवढाच एकटा वेळेच्या चिंतेत असतो. मग व्यासपीठावर मान्यवरांचे स्वागत होते. मावळ, खेड आणि मुळशी ह्या तीन तालुक्यांतील जेवढे माजी व भावी लोकप्रतिनिधी मांडवात असतील तेवढ्यांना शाल व श्रीफळ मिळते. त्यांतील निवडक दोघे-तिघे वधूवरांस आशीर्वाद देता देता रस्ते, पाणी व उड्डाणपूल ह्या विषयांना स्पर्श करतात. आणि त्यानंतर गुरुजींस मंगलाष्टके म्हणण्याची परवानगी मिळते. थकबाकीची ही चक्रवाढ पद्धत होय, आणि ती मला मान्य नाही. साध्या व्याजाच्या मर्यादेत राहून वसुली करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या सत्पुरुषाचे नाव आमच्या नगरास आहे त्याने सावकारीची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिल्याची कथा सर्वश्रुत आहे. देहू येथून फार दूर नाही. ज्याने रुपयांची बाकी पाण्यात सोडली त्याच्या नावाने वसलेल्या वस्तीत मिनिटांची बाकी इतक्या कसोशीने वसूल व्हावी, ह्यात विसंगती आहे हे मी कबूल करतो. त्यातही गंमत अशी की त्याच्याच पालखीस ही बाकी कधी लागू पडलेली नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा ह्यांनी १६८५ साली चालू केलेला हा सोहळा ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून हलतो, आकुर्डीस मुक्काम करतो, आमच्या महामार्गावरून पुण्यास जातो आणि आषाढी एकादशीच्या आत पंढरपुरास पोहोचतो. पाऊस पडो वा न पडो, तिथी टळत नाही. एवढ्या जनसमुदायास चालविणारा सुपरवायझर कोण, असे नानांनी एकदा रस्त्याच्या कडेस उभे राहून फार वेळ शोधले, आणि शेवटी एका वारकऱ्यासच विचारले. तो म्हणाला, 'माउली, पुढचा चालतोय म्हणून मी चालतोय.' नानांनी हे वाक्य कागदावर टिपून घेतले, परंतु ते कोणत्या रकान्यात घालावे हे त्यांस ठरविता आले नाही.

वेळ वाचविण्याच्या साधनांबद्दल बोलावयाचे तर ६ मार्च २०२२ रोजी आमच्या दारात मेट्रो आली. आरंभी ती पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंतच धावे. पुढल्या वर्षी शिवाजीनगरास गेली आणि २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटास पोहोचली. आमच्या नगराच्या नावाचे स्थानक झाल्याने सर्वांस धन्यता वाटली. नानांनी मेट्रोमुळे दर फेरीस वाचणाऱ्या मिनिटांचे कोष्टक केले. ती मिनिटे नेमकी कोठे जमा होतात ह्याचा मात्र शोध घेता घेता मला असे आढळले की, ती सर्वच्या सर्व स्थानकाच्या जिन्याखालील चहाच्या टपरीवर जमा होतात. तेथे सायंकाळी उभे असलेले लोक पूर्वी नाशिक फाट्याच्या कोंडीत बसलेले असत. पूर्वी त्यांचा वेळ वाया जाई आणि ते चिडत. आता तो वाचतो आणि ते चहा पितात. पार्किन्सन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने १९५५ साली असा नियम सांगितला की, हातात जेवढा वेळ असेल तेवढा भरून निघेपर्यंत काम फुगत जाते. त्यासाठी त्याने भाचीस एक पोस्टकार्ड लिहिण्यात सारा दिवस घालविणाऱ्या वृद्धेचे उदाहरण दिले. टपरीवरील अर्धा कप चहास लागणारा काळ मोजला असता तर त्यास वृद्धेस त्रास देण्याचे कारण पडले नसते.

सुट्टीचे नियोजन करण्याच्या भरीस तर आमच्याकडे कोणी पडतच नाही. विजेचा भार विभागला जावा म्हणून ह्या पट्ट्यातील पुष्कळ लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे एकाच घरात भोसरीच्या कारखान्यात जाणाऱ्या नवऱ्याचा रविवार गुरुवारी येतो, बँकेत जाणाऱ्या बायकोचा रविवारी येतो, आणि मुलगा चाकणला पाळीत असेल तर त्याचा कधी येतो हे त्याच्या मोबाइलमधील तक्त्यावाचून कोणास सांगता येत नाही. तिघांची एकत्र सहल काढावयाची म्हणजे दसऱ्यास खंडेनवमीची मशीनपूजा उरकल्यानंतर जो काही फावला वेळ मिळेल तोच.

ह्या सर्व घोळात एकच हिशेब असा आहे की ज्यात थकबाकी, तहकुबी, सवलत ह्यांपैकी काहीही चालत नाही, आणि तो म्हणजे पाण्याचा. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात पाणी दिवसाआड झाले, आणि टेलर, गिल्ब्रेथ, पार्किन्सन व नाना ह्या चौघांस जे साधले नाही ते नळाने एका आठवड्यात साधले. पाण्याच्या दिवशी आमच्या मजल्यावर भल्या पहाटे दिवे लागतात. आधी पिण्याचे, मग स्वयंपाकाचे, मग गच्चीवरच्या टाकीची मोटर, मग धुणे, आणि सर्वांत शेवटी झाडे व स्कूटर, हा अग्रक्रम कोणी लिहून दिलेला नाही, पण तो चुकत नाही. हंडा भरेपर्यंत कणीक भिजते. कणीक मुरेपर्यंत बादल्या भरतात. शेवटची कळशी काठाशी येते तेव्हा पोरांचे डबे भरलेले असतात. दोन कामांमध्ये रिकामे सेकंद शोधून सापडत नाही. नाना हल्ली त्या वेळी पाइप धरून उभे असतात. एका सकाळी त्यांनी सवयीने खिशातील स्टॉपवॉच काढले, तोच वहिनी म्हणाल्या, 'ते नंतर. आधी कॉक बंद करा, पिंप भरलं.' नानांनी कॉक बंद केला. पिंपातून एक थेंब बाहेर सांडला नव्हता.

वाचकांपैकी कोणास कालनियोजनाचा अभ्यास करण्यासाठी आमच्याकडे येण्याची इच्छा असेल तर त्यांनी जरूर यावे. मेट्रोने यावे, संत तुकारामनगर स्थानकावर उतरावे, जिन्याखाली चहा घ्यावा. सातास येतो म्हणून सात पस्तीसला आलात तरी कोणी काही म्हणणार नाही. मात्र पाण्याच्या दिवशी सकाळी येऊ नये. आणि यावयाचेच असेल तर दाराशी घंटा वाजवीत उभे न राहता सरळ आत येऊन जी बादली रिकामी दिसेल ती उचलावी.